धुळीपासून जपलेली जाळी

आर्णीला आमचं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. आमचे हे लग्नांत कॅमेरा घेऊन फिरतात, आणि त्यांनी आणलेला सगळा पसारा मी मागच्या भागात बसून निस्तरते. त्याचा अल्बम करते, फिल्म करते. बारा वर्षं झाली. जुना कॉम्प्युटर कायमचा बसला तेव्हा हे म्हणाले, "मशीन तुही हाय, तूच ठरव." या दुकानातली खुर्ची, पंखा, भिंतीचा रंग, काही म्हणजे काही मला विचारून घेतलेलं नव्हतं. म्हणून मी वेड्यासारखी त्या एका वाक्याला धरून बसले.

आतले भाग ठरायला वेळ लागला नाही. गाडी अडली कॅबिनेटवर. लोकांना वाटतं, तो नुसता डबा. पण आमच्या मागे दोन प्लॉट सोडून कापसातली सरकी काढायची जिनिंग मिल आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की हवेत बारीक तंतू तरंगतात, आणि कॉम्प्युटरचा पंखा ते मायेनं आत ओढून घेतो. जुनं मशीन मी दर पंधरा दिवसांनी पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणायची. आतून उशीला पुरेल एवढा कापूस निघायचा.

तेव्हा मी कागद घेऊन बसले. समोर हवा खेळायला छिद्रं आणि त्यामागे काढून धुता येईल अशी बारीक जाळी, याला जास्त पैसे गेले तरी चालतील. बाजू हातानं उघडणारी हवी, कारण मुंगीएवढे स्क्रू शोधत फरशीवर रांगायचं माझं वय राहिलं नाही. पेनड्राइव्ह लावायची जागा वर हवी, टेबलाखाली वाकून वाकून कंबर गेली. जाड पत्रा मिळाला तर बरा, नाही मिळाला तर अडत नाही. काच नको, आणि लाइट तर नकोच. रंगीत उजेडानं काही फिल्म लवकर तयार होत नाही.

यवतमाळच्या दुकानात हे एका काचेच्या कॅबिनेटपुढे जे उभे राहिले, ते हलेचनात. आत सात रंग गरगरत होते.

"गिऱ्हाइकानं पाह्यलं त वाटलं पाहिजे ना, इथी मोठं काम चालते."

"गिऱ्हाईक बाहेर बसते. मशीनपाशी कोण बसते?"

"मंग मशीनच बाहेर ठेवू," हे म्हणाले.

दुकानदाराला असल्या जोडप्यांची सवय असावी. त्यानं मुकाट्यानं तिसरंच कॅबिनेट पुढे केलं. काच, लाइट आणि धुता येणारी जाळी, तिन्ही गोष्टी त्यात होत्या, आणि दुकानात सगळ्यात महागही तेच होतं. ह्यांनी लगेच हो म्हटलं. मी येताना एसटीत खुशीत होते. मला वाटलं, माझं ऐकलं.

कॅबिनेट बाहेरच्या काउंटरवर बसलं. पार्टिशनला भोक पाडून वायरी माझ्याकडे आणल्या. म्हणजे पेनड्राइव्ह लावायला मी दर वेळी उठून बाहेर जायचं. दसऱ्याला त्याला हार घातला, काचेवर हळदकुंकू लागलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि हे तीनदा तीच माहिती सांगायचे.

लग्नसराईत ते बंद पडायला लागलं. फिल्म अर्ध्यावर आली की मशीन गरम होऊन गप्प. तांड्यावरचे एक काका मुलीच्या लग्नाच्या फिल्मसाठी तिसऱ्यांदा परत गेले, तेव्हा ह्यांचा आवाज पार्टिशनमधून ऐकू आला. "बाईमाणसाच्या हाती मशीन देल्ली, काय सांगू भाऊ तुमाले."

काका गेल्यावर मी बाहेर येऊन बाजूची काच उघडली. आत पांढरं रान माजलं होतं. माझा सगळा भरवसा जाळीवर, आणि लग्नांच्या घाईत मी महिनाभर उघडून पाहिलं नव्हतं. तेवढी चूक माझी. पण जाळी जागेवरच नव्हती.

"जाळी कुठी गेली?"

"कपाटात हाय. नवी चीज, पांढरी धूळ बसून राह्यली होती तिच्यावर. खराब झाली असती. म्हनून काढून ठेवली."

खरंच होती. मूळ पिशवीत घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून, वॉरंटीच्या कागदांजवळ. धुळीसाठी घेतलेली जाळी ह्यांनी धुळीपासून जपली होती. मी हसले असते, पण आमच्या घरात फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, आणि चांगल्या कपबशा मीच पाहुण्यांसाठी बांधून ठेवल्या आहेत. आमच्याकडे वस्तू वापरली की ती संपली असं वाटतं. पण मग मला विचारायचं तरी. मशीन माझं होतं ना?

मी कॅबिनेट उचललं. पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मारून आणली, जाळी बसवली, आणि फिल्म एका दमात तयार झाली. दुसऱ्या दिवशी काका आले. ह्यांनी कॅबिनेटवर थाप मारली.

"कापसाचा कचरा जाऊन राह्यला होता आत. जाळी बसवली मी. आता पाहा कशी चालते."

"डोकं हाय भाऊ तुमचं," काका म्हणाले.

मी पार्टिशनमागे होते. खोटं कशाला सांगू, उठून ती काच फोडावीशी वाटली. पण काका पेनड्राइव्ह घेऊन ताटकळत होते आणि फिल्मची शेवटची पाटी तेवढी बाकी होती. तिच्यावर 'छायाचित्रण आणि संकलन' लिहून खाली ह्यांचं नाव येतं, एकट्याचं. दर फिल्मला ते मीच टाकते. त्याही दिवशी टाकलं, आणि पेनड्राइव्ह लावायला उठून बाहेर गेले.