लाल थराखालचं पाणी

माझ्या बहिणीच्या विहिरीचं पाणी मी घालवलं. हे वाक्य मी आजवर कुणासमोर बोललेलो नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकतो. पुढं जे सांगणार आहे त्यात माझी सुटका होईल असं काही नाही.

मी जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्यांच्या कारखान्यात नोकरीला. दगडांचा नाद लागला तो चाळिशीनंतर. शेजारच्या रोलिंग मिलमध्ये वेल्डिंग करणारा एक मित्र चहाच्या टपरीवर भेटला. त्याची मोटरसायकल आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून मिळवलेली माझी विद्या, एवढ्यावर आम्ही सुट्टीच्या दिवशी निघायचो. लोक देवदर्शनाला जातात, आम्ही खदानी बघायला जायचो. रस्ता रुंद करताना कापलेली टेकाडं, नव्या खोदलेल्या विहिरी, ओढ्याचे कडे, काही सोडायचो नाही. दगड ओला केला की त्याचा रंग नीट दिसतो, म्हणून मी दगडाला चक्क जीभ लावायचो. मित्राची बायको म्हणायची, या दोघांना घरी जेवायला मिळत नाही, दगड चाटत फिरतात.

आपल्या पायाखाली सगळा थिजलेला लाव्हा आहे हे कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकावर एक अंथरलेल्या घोंगड्यांसारखे थर. आणि मधेच कुठंतरी हातभर जाडीचा लाल पट्टा. एका थरावर माती साठली, पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहिला आणि ती विटेसारखी भाजून निघाली, असं मी वाचलं होतं. टेंभुर्णीच्या वाटेवर एका बंद पडलेल्या खदानीत तो पट्टा मी पहिल्यांदा पाहिला. ऐन उन्हाळ्यात त्याच्या रेघेवर ओल होती, बारीक पाणी पाझरत होतं. मी हरखून गेलो. लाल थर म्हणजे पाणी, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

मित्र जवळ जाऊन बोट लावून आला. ‘‘पानी लाल के उप्पर से आरा भाई, नीच्चे से नै,’’ तो म्हणाला.

‘‘तू वेल्डिंग बघ,’’ मी म्हणालो. तो हसला. असलं बोलणं आमच्यात चालायचं.

आक्का, माझी थोरली बहीण, हसनाबादच्या बाजूला दिलेली. शेतात मोसंबीची बाग, आणि बागेला ही एक विहीर. विहीर फार खोल नव्हती, पण कधी आटली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा आसपासच्यांनी खोल खोल बोअर मारलेले होते आणि आक्काच्या विहिरीत जेमतेम गुडघाभर पाणी उरलं होतं. मोटर थोडा वेळ चालायची, मग रात्रभर विहीर भरू द्यायची. बाग त्यावर कशीबशी तग धरून होती. दाजींनी गावातल्या पाणाड्याला बोलावलं होतं. म्हातारा तळहातावर नारळ घेऊन विहिरीभोवती फिरला, शिडीनं खाली उतरला, तळाला हात लावून वर आला.

‘‘हिला हात लावू नका,’’ तो म्हणाला. ‘‘खाली ताट हाये. ताटात हाये तेवढं वाढून घ्या.’’

मला हसू आवरेना. नारळवाल्यानं मला भूगर्भ शिकवायचा? मी स्वतः खाली उतरलो. तळाला तोच लाल पट्टा! माझा आनंद काय वर्णावा. वर येऊन मी सगळ्यांना लाव्हा समजावून सांगितला, हातवारे करून, काडीनं मातीत थर काढून. लाल थराखाली पोकळ्या असलेला सच्छिद्र खडक असतो, पाणी तिथं दडलेलं असतं, विहिरीच्या तळात उभं बोअर मारलं की उसळून वर येईल. आक्का कौतुकानं ऐकत होती. दाजी मात्र पाणाड्याकडं बघत होते.

‘‘माह्या माहेरचा मानूस हाये,’’ आक्का त्यांना म्हणाली. ‘‘इतका फिरून राह्यला खडकं पाहत, उगाच का?’’

‘‘पाव्हणं म्हनतेत तर मारू मंग,’’ दाजी म्हणाले.

पाणाड्यानं नारळ पिशवीत टाकला आणि चहा न घेता निघून गेला.

चार दिवसांनी मशीन आलं, मीही आलो. राहिलेलं पाणी उपसून पाटानं बागेला सोडलं. आधी लाल गाळ यायला लागला, मग एकदम दांडा सैल झाला. पोकळी लागली! मी ओरडलो. पण वर काही येईना. कडेच्या झऱ्यांचं पाणी तळाशी यायचं, भोकाभोवती फिरायचं आणि खाली जायचं. मोरीत पाणी जाताना होतो तसा गुळगुळ आवाज येत होता. खालचा खडक मी म्हणालो तसाच होता, पोकळ्यांचा, सच्छिद्र. फक्त तो कोरडा होता. शेजारच्यांच्या बोअरांनी तो कधीच रिता केला होता. लाल थरानं वर जे अडवून धरलं होतं ते मी त्याला पाजून टाकलं.

ताट. त्या म्हाताऱ्याजवळ एकच शब्द होता आणि तो बराबर होता.

मग सगळं करून पाहिलं. भोकात गोणपाट कोंबला, चिकणमाती भरली, वरून सिमेंट ओतलं. दोन दिवस पाणी थांबलं, आक्कानं तळाला हळदकुंकू वाहिलं. तिसऱ्या दिवशी बाजूनं खचलं. पाण्यानं लाल माती आतून खाल्ली होती. मी खाली उतरून हातानं चिखल थापत राहिलो. दाजी वरून म्हणाले, ‘‘या वर आता.’’

मोसंबीची पानं आधी वळली, मग गळली. टँकर आणायचा म्हटलं तरी किती झाडांना पुरणार? फळं लिंबाएवढी होऊन काळी पडली. पावसाळा आला, विहिरीत पाणी आलं आणि पाऊस उघडताच गेलं. दिवाळीनंतर दाजींनी बाग काढायचं ठरवलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. जेसीबी एकेक झाड मुळासकट उपटून बांधाला टाकत होता. आम्ही तिघं बाजेवर बसलो होतो. आक्कानं चहा दिला.

शेजारचा एक शेतकरी आला. वाकून विहिरीत पाहिलं, झाडांकडं पाहिलं, आणि दाजींना म्हणाला, ‘‘चांगली विहीर होती राव. तळ फोडायचं कुनी सांगितल्तं?’’

आक्का माझ्याकडं पाहत नव्हती. दाजींनी कप खाली ठेवला.

‘‘कुनी न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्याच मनानं केलं.’’

‘‘पाणाड्याला तरी इचारायचं,’’ तो म्हणाला. ‘‘येड्यावानी केलं तुम्ही.’’

‘‘केलं खरं,’’ दाजी म्हणाले.

बोलायला जागा होती. मी तोंड उघडावं म्हणून कुणी थांबलं नव्हतं, पण कुणी अडवलंही नव्हतं. गावात इथून पुढं येडा कोण ठरणार हे मला समोर दिसत होतं. मी चहा पीत राहिलो.