म्हात्रेकाकूंचे चार ठोके

खांदेश्वरला एका शेडमध्ये आम्ही रविवारी जुनी रेल्वे सिग्नलची यंत्रं दुरुस्त करतो. पगार नाही, साहेब नाही. गंज खरवडायला बसलं की हात गुंततात, तोंड मोकळंच राहतं. त्यामुळे यंत्रांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

*

शेडच्या दारात पहिला सिग्नल उभा केला, त्या दिवशी म्हात्रेकाका आत येईनात. काका म्हणजे आमच्यातले एकमेव खरे रेल्वेवाले, सिग्नलचे लिव्हर ओढणारे रिटायर्ड केबिनमन. घर शेडच्या मागेच. चहा निवत चालला, काका आपले उन्हात उभे.

"सिग्नल पडला नाय अजून," म्हणाले.

साताऱ्याकडचा आमचा कदम धावत गेला, लिव्हर ओढला. वरचा लाल हात खाली झुकला, तेव्हा कुठे काका आत आले!

*

लाइनवर गाडी असली की लिव्हरला लोखंडी कडं अडकवतात. हा ओढायचा नाही, एवढीच आठवण. आमचं कडं एकदा गायब झालं. कदमने माझी पिशवीसुद्धा तपासली. सापडलं ते काकांच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या बटणावर. काकू हल्ली दूध तापत ठेवून विसरतात.

पुढच्या रविवारी कदम दुसरं कडं लाल रंगवून घेऊन आला.

"ह्ये दुसऱ्या बर्नरला, काका."

*

मग काका म्हणाले, आता येणं जमायचं नाही. काकूंना घरात एकटं ठेवता येत नाही, आणि शेडमधल्या ठोकाठोकीला त्या घाबरतात.

आमच्याकडे घंटीयंत्रांची जोडी नुकतीच चालू झाली होती. दोन स्टेशनांमधली ही जोडी, इकडे दाबलं की तिकडे वाजणार. कदमने कुंपणावरून वायर टाकली आणि एक यंत्र काकूंच्या खाटेशेजारी बसवलं. काका शेडमधून एक ठोका द्यायचे. तिकडून एक परत आला की कामाला लागायचे.

काकूंचा सगळा संसार केबिनशेजारच्या क्वार्टरमध्ये, तिथल्या घंटीचे ठोके ऐकत झालेला. कदमने विचारलं, मी कोण? त्यांना सांगता येईना. मग त्याने विचारलं, दोन ठोके म्हणजे?

"लाइन मोकली हाय का."

तीन?

"गाडी सुटली."

आणि चार?

"गाडी पोचली. येवढं पन येत नाय तुला?"

*

गेल्या रविवारी घरून दोन ठोके आले.

काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. यंत्रापाशी जाऊन दोन परत दिले.

तिकडून तीन आले.

आम्ही दारात गेलो. काकू थर्मास घेऊन, भिंतीचा आधार घेत एकट्याच येत होत्या. कदम पुढे झाला, तर काकांनी त्याचा दंड धरला.

"लाइन दिलीय तिला. आता मदी कोनी जायाचा नाय."

काकू सिग्नलपाशी आल्या आणि थांबल्या. वर बघत उभ्या राहिल्या. कदमने लिव्हर ओढला. सिग्नलचा हात खाली झुकला. काकू आत आल्या, थर्मास टेबलावर ठेवला.

काका यंत्रापाशी गेले आणि सावकाश चार ठोके दिले. घरात ऐकायला कोणी नव्हतं.