आतोबांचा खरखरीत आवाज

आमची आत्या हट्टी. किती, तर माहेरच्यांनी हात टेकले आणि सासरच्यांनी तिला कोपरापासून नमस्कार केला. मला मात्र तिचा हा गुण फार आवडतो.

घशाच्या ऑपरेशनात आतोबांचा आवाज गेला, तेव्हा ती एका कारखान्यात प्रोग्रॅम लिहायची. तिने घरच्या संगणकासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. आतोबा टाइप करायचे आणि आतला चिमुकला स्पीकर बोलायचा. आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, पण वर्षानुवर्षं आतोबा त्याच आवाजात भांडले आणि त्याच आवाजात त्यांनी आम्हाला लाडावून ठेवलं.

शेवटी तो संगणक मेला. आतेभावाने लॅपटॉपवर एक तयार एम्युलेटर टाकला, म्हणजे नव्या यंत्राला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. सोंग सुसाट पळालं, पण आतोबा डासासारखे गुणगुणले. जुन्या यंत्राच्या कामातल्या बारीकसारीक पायऱ्या गाळून तो एम्युलेटर वेग कमवत होता, आणि हा आवाज तर त्या पायऱ्यांच्या तालावरच घडलेला. आतोबांनी लॅपटॉप मिटला आणि बोलणंच टाकलं. घर खायला उठलं.

"आई, हल्ली छान गोड आवाज मिळतात," आतेभाऊ म्हणाला.

"गोड आवाजाच्या माणसाशी मी संसार केलेला नाही!"

मग ती स्वतःच एम्युलेटर लिहायला बसली. एकही पायरी गाळली नाही. आवाज हुबेहूब आला, पण इतका तुटत, रखडत, की वाक्य संपेपर्यंत भांडणाचा विषयच विसरावा.

"आई, थोडं चुकू दे ना. वेग हवा तर काहीतरी सोडावंच लागतं."

"सोडते की. पण काय सोडायचं ते मी ठरवणार."

आणि तिने पडदा सोडला. लॅपटॉपची सगळी ताकद पायऱ्यांचा ताल धरणाऱ्या आतल्या घड्याळाला आणि स्पीकरला दिली, अक्षरं रंगवायचं काम बंद. आतोबांसमोर काळाकुट्ट पडदा आला. आतेभावाने कपाळाला हात लावला.

"बाबा, टाइप केलेलं दिसणारसुद्धा नाही. चुका होतील."

आतोबांची बोटं चालली. तोच पत्रा, तोच खिळा, न अडखळता:

"होऊ देत. तू बोलतोस तेव्हा तुला अक्षरं दिसतात का रे?"