पाणी दम खातंय

पंपहाऊसवर ऑपरेटरला काम असं दोनदाच. पंप चालू करायचा आणि बंद करायचा. मधला सगळा वेळ प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवायची आणि येईल त्याच्याशी गप्पा मारायच्या. कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठावर आमच्या उपसा सिंचन सोसायटीचं पंपहाऊस आहे. तिथं माझी बरीच वर्षं गेली. काटा हलला की समजायचं, काहीतरी बिघडलंय. आणि बिघडलं की त्याचा किस्सा झालाच. आमचा काटा स्थिर असा फार कमी दिवस राहिला.

*

एकदा काटा सर्रकन खाली आला. आमचे फिटर साळवे मामा म्हणाले, "तोंडाशी कायतरी अडकलंय." पंप बंद केला आणि नदीतल्या पाईपच्या तोंडाची जाळी साफ करायला घेतली. जाळीला जलपर्णीचा हा मोठा गोळा, आणि गोळ्याच्या मधोमध चप्पल. कोरी करकरीत, उजव्या पायाची. मामांनी ती धुऊन कट्ट्यावर वाळत ठेवली.

तिसऱ्या दिवशी वरच्या वस्तीवरचा एक गडी चौकशी करत आला. पोहताना त्याची चप्पल वाहून गेली होती. कट्ट्यावरची चप्पल बघून त्याचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"एकीचं काय करायचं, म्हनून दुसरी सकाळीच नदीत फेकली. मग कोनीतरी सांगितलं, पयली तुमच्याकडं हाय."

मामा उठून जाळी साफ करायचा दांडा घेऊन आले. काटा अजून जागेवरच होता. दुपारी पडला.

*

पंप चालू असताना वीज गेली, की चढावर गेलेलं पाणी माघारी फिरतं आणि मिटलेल्या व्हॉल्व्हवर येऊन आदळतं. मामा त्याला 'पाण्याचा घण' म्हणत. हळूहळू मिटणारा नवा व्हॉल्व्ह बसवा, असं आम्ही दर मीटिंगला सांगायचो. चेअरमन हसायचे. "पाणी आहे ते मामा, दगड नाही."

एक दिवस चेअरमन पाहुण्यांना पंपहाऊस दाखवायला घेऊन आले. पाईपावर हात ठेवून माहिती देत होते, तेवढ्यात वीज गेली. सगळं शांत झालं.

"साहेब, हात काढा," मामा म्हणाले.

"का?"

उत्तर पाईपानंच दिलं. भिंतीवरचं घड्याळ खाली आलं, वरचा चुना चेअरमनच्या टोपीवर. पाहुणे दाराबाहेर. चेअरमननी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग हळूच विचारलं, "तो व्हॉल्व्ह नगरला मिळतो का?"

*

एवढ्या मोठ्या लाईनीची नाडी ओळखणाऱ्या मामांच्या घरचा नळ मात्र कायम गळका. मामी म्हणायच्या, "गावाचं पानी यांच्या हातात, अन् माझ्या मोरीत टिपटिप."

मामांचं उत्तर ठरलेलं. "येवढ्या कमी प्रेशरचं काम आपल्याला जमत न्हाई."

*

आमच्या लाईनीच्या शेवटच्या चेंबरवर, म्हणजे पाईपातलं पाणी बाहेर पडतं त्या हौदावर, कडूबाई आक्कांचं रान. एका वर्षी त्यांचा कांदा पिवळा पडायला लागला. फोन आला, "पानी येतंय, पन दम खातंय. भसकन येतं, थांबतं, परत भसकन येतं. वाफ्याच्या कडंला पोचतच न्हाई."

मामांनी दोनदा पंप तपासला. पंपात दोष नाही. शेवटी नगरहून पाण्याच्या इंजिनिअर मॅडम आल्या, वयानं मामांच्या लेकीएवढ्या. त्यांनी आक्कांना स्पीकरवर फोन लावला.

"दोन वेळच्या पाण्यात अंतर किती पडतं?"

"एक भाकर."

"म्हणजे?"

"भाकर तव्यावर टाकली की पानी येतं. दुसरी थापून व्हस्तवर परत येतं. मला चेंबरचा आवाज चुलीपाशी ऐकू येतो, त्याच्यावरच भाकर उलटते."

मामा हसले. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल घेऊन आक्कांच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. बारा भाकरी झाल्या, बाराही वेळा वहीत लिहिल्या, आणि पहिल्या दोन भाकरी तिथंच ठेच्याबरोबर खाल्ल्या.

"एवढ्या नेमानं येतंय म्हणजे वाटेत कुठंतरी हवा साठतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या लाईनीवर उंचवटा कुठं आहे?"

मामांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "टेकाडावर. तिथं हवा सोडायचा व्हॉल्व्ह हुता. रस्ता केला तवा मुरूम पडला त्याच्यावर. माझ्या ध्यानातूनच गेलं."

दोघांनी मिळून टेकाड उकरलं. व्हॉल्व्ह जाम झालेला. मामांनी दिवसभर खपून तो मोकळा केला, आणि मॅडमना पाना धरायला दिला. मामा सहसा आपला पाना कुणाच्या हातात देत नसत.

पुढच्या पाळीला पंप सुरू केला. काटा असा उभा राहिला, जसा चित्रातला. कांदा वाचणार होता. आम्ही आक्कांच्या फोनची वाट बघत बसलो. तासाभरानं आला.

"पानी कसं हाय आक्का?" मामांनी विचारलं.

"एकसारखं हाय. लई ब्येस. वाफे काठोकाठ भरत्यात."

"मग तुमचा आवाज असा पडलेला का?"

"चार भाकरी करपल्या."