पेटीवर लिहिलं होतं, थंड ठेवा

उत्तर ध्रुवाजवळचं ते अख्खं गाव उलायुच्या तोंडाला टरकून असायचं. दुकानदार असो, पाद्री असो, पाण्याच्या गाडीचा ड्रायव्हर असो, तिला कुणाची भीड नव्हती. एकाच माणसापुढे तिची दातखीळ बसायची, तो म्हणजे किल्लाक. धावपट्टीवर विमानातलं सामान उतरवायचा. वय तीस, आणि उलायु बासष्टची. पण तिचा बाप गेला त्याच वसंतात हा जन्मला, बापाचं नाव याला मिळालं, आणि गावाच्या समजुतीप्रमाणे नावाबरोबर बापाचा जीवही आला. म्हणून ती त्याला बाबा म्हणायची, तो तिला पोरी. बापावर कुणी खेकसतं का?

एकोणीस वर्षं गावातल्या कुत्र्यांना पिसाळण्यावरची लस उलायुच टोचत होती. जनावरांचा डॉक्टर दक्षिणेत, विमानानं दोन दिवसांच्या वाटेवर. त्यानं कधीतरी येऊन तिला सुई धरायला शिकवलं आणि जो गेला तो गेलाच. या कामाचं कौतुक कुणाला नव्हतं. कुत्री चावायची, मालक हसायचे.

त्या हिवाळ्यात बर्फाखालचे लेमिंग उंदीर संपले. उपाशी पांढरे कोल्हे गोठलेल्या समुद्रावरून थेट उकिरड्यापर्यंत यायला लागले. कोल्हा उपाशी असला तरी माणूस दिसला की पळतो. न पळता तोंडातून लाळ गाळत भर दुपारी चालत येतो, तो पिसाळलेला समजायचा. असे दोन दिसले तशी उलायु लसीच्या पेटीची वाट बघत फोनवर फोन करायला लागली.

पेटी मंगळवारी आली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, थंड ठेवा. किल्लाकनं ते नीट वाचलं. सामानाच्या खोलीत हीटर रणरणत होता. बिचाऱ्यानं पेटी उचलून बाहेर सावलीत ठेवली, दोन दिवस, उणे अडतीस अंशांत.

उलायुनं झाकण उघडलं. निम्म्या बाटल्या तडकल्या होत्या. उरलेल्या वितळवल्या, तर आत कण तरंगत होते.

"पोरी, थंड ठेवलं ना मी," किल्लाक म्हणाला.

"हो बाबा," ती म्हणाली, आणि दात आवळून घरी आली. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. ती सगळी निघाली फोनवर.

"गोठलेली लस मेली, हे तुम्हाला माहीत होतं ना?" तिनं लस पाठवणाऱ्या दक्षिणेतल्या साहेबाला विचारलं. "मग गोठवू नका असं लिहायला शाई संपली होती?"

"बाई, थंडीतलं तुम्हालाच जास्त कळणार," साहेब हसला.

"आमची थंडी तुमच्या फ्रिजएवढी असते होय रे, शहाण्या?"

"चिडू नका. ज्या फुटल्या नाहीत त्या टोचून टाका. निदान नोंद तरी होईल. नवीन पेटी तीन आठवड्यांनी."

"पाणी टोचू? आणि लोकांना सांगू, कुत्री सुरक्षित आहेत, पोरं खुशाल खेळवा?" तिनं फोन आपटला.

आठव्या दिवशी कोल्हा आला, तो किल्लाकच्याच कुत्र्यांत. सातही साखळीला बांधलेली, पळणार कुठे? बर्फगाडीला सगळ्यांत पुढं धावणाऱ्या पामिउक कुत्रीनं त्याला मारला, पण तोवर तो सगळ्यांना ओरबाडून गेला होता. कोल्ह्याचं डोकं तपासायला पाठवलं. निरोप आला, पिसाळलेला होता.

लस न टोचलेल्या कुत्र्याला पिसाळलेलं जनावर चावलं, की कुत्र्याला गोळी. नियम गावाला पाठ होता. मागच्या वर्षी अर्धीच पेटी आली, तेव्हा किल्लाकच म्हणाला होता, "आधी पोराबाळांच्या घरची कुत्री टोच. माझी पुढच्या वर्षी."

तो दारात येऊन उभा राहिला. "पोरी, त्या बाटल्यांतलं टोच ना. थोडं तरी लागू पडेल."

"नाही पडणार, बाबा."

"मग ओरड तरी माझ्यावर! सगळ्यांवर ओरडतेस!"

तिनं त्याच्या टोपीवरचा बर्फ तेवढा झटकला. किल्लाकनं बंदूक घेतली आणि टेकाडामागे बांधलेल्या कुत्र्यांकडे गेला.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब! "बाई, महिना संपतोय. किती कुत्री टोचली तो आकडा हवा होता."

"आकडा?" उलायु म्हणाली. "थांबा, देते." तिनं खिडकी ढकलून उघडली आणि रिसीव्हर बाहेर धरला. "मोजा."

एक बार झाला. मग दुसरा. साहेब काहीतरी बोलत होता, ती ऐकत नव्हती. हाताची बोटं बधिर झाली तरी रिसीव्हर धरूनच होती. सहा झाले. सातवा येईना.

किल्लाक परत आला. पापण्यांवर बर्फ धरला होता. "पामिउक माझ्याकडेच बघतेय गं. माझ्याच्यानं नाही होत."

उलायुनं रिसीव्हर तोंडाशी आणला. "सहा झालेत. सातवा बाकी आहे. फोन ठेवायचा नाही." तो तसाच खिडकीत ठेवून तिनं किल्लाकच्या हातातली बंदूक घेतली. "तुम्ही बसा, बाबा."

ती परतली तेव्हा किल्लाक भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिनं रिसीव्हर उचलला. साहेबानं फोन ठेवून दिला होता.

बोटं नीट वळत नव्हती. उलायुनं पुन्हा साहेबाचा नंबर फिरवला.