नावं ठेवून घेतलेली काठी

भाव करताना माणूस जे बोलतो ते शपथेवर बोलत नाही. हे माझ्या शेडमधल्या हेल्परलाही कळतं. पण मोठ्या पगाराचे शिकलेले लोक समितीच्या टेबलाशी बसले की त्यांना ते कळेनासं होतं, आणि त्यांच्या त्या न कळण्यापायी एका फळीवर माझं नाव लागायचं राहिलं. फळी साधी सागवानी होती. पण तिच्याबद्दलचा राग माझा आजही उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

वाशीजवळच्या पावणे गावात माझी पाइप वाकवण्याची शेड होती. सत्तरच्या दशकात ती उभी केली तेव्हा आजूबाजूला चिखल आणि बाभळी. एके दिवशी जड माल उचलायच्या चेन-ब्लॉकचा हूक सुटला आणि पाइप माझ्या डाव्या मनगटावर आला. हाड बसवलं, पण वाकडं बसलं. जड काम तो हात करायचा. नाजूक कामाला मात्र मनगट ऐन वेळी लटकन वाकायचं. चहाची बशी मी उजव्या हातातच धरायचो.

ज्या रसायनांच्या कारखान्याला मी माल द्यायचो, त्याच्या वसाहतीमागे खाडीच्या बाजूला गोल्फचं छोटंसं मैदान होतं. खाऱ्या जमिनीत गवत धरत नसे, म्हणून खळग्याभोवती हिरवळीऐवजी काळं जळकं तेल मिसळलेल्या वाळूची गोल खाचरं केलेली होती. प्रत्येकाचं खेळून झालं की माळी त्यावरून गोणपाट ओढून वाळू सारखी करायचा. बुटांना तेलाचा वास घरापर्यंत यायचा. वाशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते बूट जिन्यातच काढावे लागत. बायकोचा हुकूम.

मला त्या मैदानावर नेलं कारखान्याच्या खरेदी खात्याच्या साहेबांनी. दराच्या बाबतीत मी त्यांना कधी सहज सुटू दिलं नव्हतं, त्याचं उट्टं त्यांना तिथे काढायचं होतं. लांबचे फटके मी बरे मारायचो. पण शेवटी चेंडू खळग्यात ढकलायची वेळ आली, पटर हातात घेतला, की मनगट दगा द्यायचं. पटर म्हणजे त्या शेवटच्या कामाची काठी. चेंडू खळग्यापासून दोन हातांवर असायचा आणि माझा फटका त्याला भलतीकडेच घालवायचा.

"शेठ, दरात एवढे ताठ, आणि इथे लगेच वाकता?" साहेब म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो. आत काय व्हायचं ते मला माहीत.

वर्षातून एकदा अधिकारी आणि आम्ही माल पुरवणारे यांचा सामना व्हायचा. जिंकणाऱ्याचं नाव क्लबाच्या खोलीतल्या त्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहीत. वरपासून खालपर्यंत सगळी अधिकाऱ्यांची नावं होती. आमच्यापैकी एकाचंही नाही. मी ठरवलं, या फळीवर माझं नाव लागलंच पाहिजे.

रोग मनगटात होता, तेव्हा औषधही तिथेच लावायला हवं. पाइप हलत असेल तर आपण क्लॅम्प मारतो. काठीचा दांडा लांब केला आणि त्याचं वरचं टोक डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, टेकवलं, तर हात आणि काठी एकच होतील आणि मनगटाला वाकायला जागाच उरणार नाही. मी शेडमध्ये माझ्या पटरला पाइपचा तुकडा वेल्ड करून पाहिला. मनगट थांबलं, पण चेंडू बिघडला. काठी हाताला टेकवायची तर दांडा खळग्याच्या दिशेने झुकतो, आणि दांडा झुकला की पटरचं तोंड खाली बघायला लागतं. चेंडू वाळूत दाबला जायचा आणि बेडकासारखी उडी मारायचा. म्हणजे तोंड मुळातच थोडं आकाशाकडे वळलेला पटर हवा होता. तसला माल बाजारात कोण ठेवतो?

त्याच सुमारास कारखान्यातला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी गेला आणि त्याचं घरसामान तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडे आलं. साहेबांना त्याच्या फ्रीजमध्ये रस होता, म्हणून आम्ही दोघं गेलो. भंगारवाला तिथलाच, खाडीकाठच्या गावचा. शेती नव्या शहरात गेली आणि त्याने पत्र्याचं कुंपण घालून धंदा मांडला.

"या शेठ, गोऱ्याचा सगला माल हाय. फ्रीज बगा, पंखा बगा."

पंख्यामागे चार काठ्या उभ्या होत्या. त्यातली एक बाकीच्यांपेक्षा लांब, मूठ वीतभर जास्त चढवलेली. मला हवी होती तसलीच. अशा वेळी चेहरा मेलेला ठेवायचा असतो. मी आधी आखूड काठ्या उचलल्या. एकीचं पॉलिश वाखाणलं, दुसरीचं वजन वाखाणलं. मग जाता जाता ती लांब काठी कंटाळून उचलली.

"ही काय भानगड रे?"

"ती बी खेलायचीच हाय."

"खेळायची? लंगड्याची काठी दिसते. काखेत घालून चालायची!"

साहेब खो खो हसले. मी आणखी रंग भरला. लंगडत चार पावलं टाकली, आणि त्या सोंगातच मूठ डाव्या हाताला लावून बघितली. मुठीची एक बाजू चपटी होती, ती मनगटाच्या वर अशी बसली की जणू मापाने कापली होती. टोक कोपराच्या दोन बोटं खाली थांबलं, म्हणजे हात वाकवताना टोचणार नाही. दांडा पुढे झुकवला आणि मान खाली घातली. पटरचं तोंड जमिनीकडे नव्हतं, जरासं वर होतं. त्या गोऱ्याचंही मनगट माझ्यासारखंच अधू असणार. मी मनगट जोरात वाकवायला गेलो, वाकलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

"बायकोला जळमटं काढायला होईल," मी म्हटलं. "पंखा घेतो, ही वर टाक."

"वर? शेठ, माजी जमीन घेतली तवा बी कोनी इतकं फुकटात नाय मागितलं!"

"मग ठेव. कुत्री हाकायला बरी."

मी फाटकापर्यंत गेलो. चपलेतला खडा काढायला वाकलो. हाक आली.

"ओ शेठ! न्या पंखा, न्या काठी!"

ज्या वस्तूवर जीव जडलाय तिला नावं ठेवायची, नको असलेलीला गोंजारायचं, हवी असलेली वर टाकून घ्यायची आणि फाटकापाशी थोडं थांबायचं. माझा सगळा धंदा असाच उभा राहिला.

पुढचे काही महिने मी गच्चीत गोणपाटावर वाळू पसरून त्या काठीचा सराव केला. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर येऊन बघून गेले.

सामन्यात शेवटच्या खळग्यापाशी मी आणि साहेब बरोबरीत होतो. त्यांचा चेंडू खळग्याच्या काठाला लागून बाहेर थांबला. त्यांनी तो आणखी एका फटक्यात आत ढकलला. माझा चेंडू अजून ट्रकभर अंतरावर होता. तो एका फटक्यात गेला तर मी जिंकणार होतो. मी मूठ हाताला टेकवली, खांदे हलवले, बाकी काहीच हललं नाही. चेंडू तेलकट वाळूवर रेघ ओढत गेला आणि पडल्याचा आवाज आला. माल पुरवणाऱ्यांनी आरोळी ठोकली. साहेबांनी हात पुढे केला नाही.

क्लबाच्या खोलीत चहा आणि वडे आले, आणि साहेबांचा माझ्या काठीवरचा आक्षेपही आला. टेबलाशी तीन अधिकारी बसले.

"नियमात कुठे लिहिलंय दाखवा," मी म्हटलं.

"नियमाचा प्रश्न नाही," मधले म्हणाले. "खेळाच्या वृत्तीचा आहे. तुम्हाला स्वतःलाच ही खेळायची काठी वाटत नव्हती म्हणे."

मी साहेबांकडे पाहिलं. ते कपात बघत होते.

"तुर्भ्याला माझ्यासमोर म्हणालात, शेठ," ते म्हणाले. "लंगड्याची काठी. काखेत घालून चालायची. मी खोटं बोलतोय का?"

"साहेब, मी भाव पाडत होतो!"

"पण म्हणालात ना?"

माझं डोकं फुटायची वेळ आली. "तुम्ही दर पाडताना माझ्या मालाला कचरा म्हणता," मी ओरडलो, "आणि तोच माल तुमच्या प्लँटमध्ये बसवता! मग मीही म्हणू का, यांनी कचरा बसवलाय, प्लँट बंद करा?"

कोणीतरी हसलं. पण ते ठरवूनच बसले होते. शेवटी मधले म्हणाले, "असं करू. दोघांचीही नावं लिहू. वाद मिटला."

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. हा बनिया मधल्या भावाला नक्की उतरणार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आयुष्यभर उतरतच आलो होतो मी, पाइपच्या दरात, पत्र्याच्या दरात. पण चेंडू अर्धा पडला नव्हता. पूर्ण पडला होता.

"लिहायचं तर एकट्याचं लिहा," मी म्हटलं.

त्यांनी एकट्याचंच लिहिलं. साहेबांचं.

माल देणं मी बंद केलं नाही. पोराबाळांचं पोट रागावर भरत नाही. पण त्यानंतर साहेब शेडवर आले की त्यांना पाणी मिळायचं. चहा कधीच नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा ते निवृत्त झाले. एका दुपारी अचानक शेडवर आले. खुर्चीत बसले, इकडेतिकडे पाहिलं.

"पंखा अजून चालतो हो तुमचा. छान आहे. तेव्हाचा माल वेगळाच."

मी पाणी पुढे केलं. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी हिंदकळत होतं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या काठीवर गेली आणि लगेच निघाली.

"ती तुमची काठी... नुसती पडूनच असेल. गंज धरला असेल. तुम्हाला अडचणच होत असणार."

पंख्याला गोंजारून झालं होतं, काठीला नावं ठेवून झाली होती. शब्द माझे, चाल माझी, आणि माझ्याच शेडमध्ये. डोक्यात अशी सणक गेली की पान्हा उचलावा.

"पैशात विकायची नाही," मी म्हटलं. "क्लबात जा. सांगा, त्या वर्षी मी हरलो होतो. तुमचं नाव पुसून माझं लिहायला लावा. काठी घरपोच आणून देतो."

"अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी? इतकी वर्षं झाली!"

"एवढीशी असेल तर पुसा."

"काहीतरी मधला भाव काढा, शेठ."

"मधला भाव तेव्हाही नव्हता."

ते उठले. सावकाश दारापर्यंत गेले. तिथे थांबून चष्मा काढला, रुमालाने पुसू लागले, स्वच्छ होता तरी पुसत राहिले. गिऱ्हाईक दाराशी का थांबतं ते माझ्याइतकं कोणाला कळणार. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो.

हाक मारली नाही.