पाठीतली राखाडी वात

भूत, भानामती, पूर्वजन्म... यातलं काहीच मी मानत नाही. आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही हसाल! आमच्या घरात बुद्धवंदना व्हायची. अंगारे-उतारे आबांनी, म्हणजे वडिलांनी, दाराबाहेरच ठेवले होते. त्यात मी विज्ञानाचा शिक्षक. तरीही हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

माझी धाकटी बहीण शालन. आम्ही कऱ्हाटीला राहत होतो, ती चार वर्षांची होती, तेव्हा तिला फणफणून ताप आला. मी नऊ वर्षांचा, उशाशी बसलेलो. संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "आई, माज्या पाटीत राखाडी वात हाय. ती सुजलीया."

"तापात बरळतीया," म्हणत आईने कपाळावरची ओली घडी बदलली.

दुसऱ्या दिवशी आईने तिला दवाखान्यात नेलं. सुई दिली, ताप उतरला... पण डावा पाय उचलेना. पोलिओ! गाव म्हणालं, सुईनं पाय नेला. शालन तेच ऐकत मोठी झाली. आई त्यावर कधी अवाक्षर बोलायची नाही.

शालन रडत बसणारी नव्हतीच. पायाला लोखंडी कॅलिपर लावून शाळा केली, शिवणकाम शिकली, लग्न केलं. दाजी भवानीनगरला कारखान्यात. पल्स पोलिओ नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा तिला मुलगी झाली — प्रज्ञा. आणि बाईसाहेब अडून बसल्या! "दवाखान्यानं माजा पाय न्हेला. हिचा न्हिऊ द्यायची न्हाय."

"अगं, थेंब आहेत, सुई नाही."

"दवाखान्याचंच न्हवं?"

दाजी हरले, मीही हरलो. आणि पोरीच्या काळजीने माझी झोप उडाली.

पोलिओच्या रविवारआधी बारामतीत आम्हा शिक्षकांचं ट्रेनिंग होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, पोलिओ म्हंजी काय ओ?"

डॉक्टर मॅडमनी फळ्यावर पाठीचा कणा काढला. "ग्रीक शब्द आहे. 'पोलिओस' म्हणजे राखाडी. कण्याच्या आत मज्जारज्जू असतो, त्याच्या आतल्या राखाडी भागाला या रोगात सूज येते. म्हणून पोलिओमायलायटिस."

राखाडी... पाठीत... सूज...

ट्रेनिंग संपताच भवानीनगरची एसटी पकडली.

आई तिकडेच होती, बाळाला तेल लावत. मी दारातूनच सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"व्हय," ती हळूच म्हणाली. "म्हनली हुती ही. सुईच्या आदल्या दिशी."

शालनने शिवणयंत्र थांबवलं. "म्हंजी... सुईच्या आदीच त्यो रोग पाटीत शिरला हुता?"

"शिरला होता," मी म्हणालो.

"मग तू एवढी वर्सं गप का गं, आई?"

"मीच न्हेली हुती न्हवं तुला सुईला. वाटायचं, माज्यामुळंच पाय गेला."

शालन कॅलिपर खडखडवत उठली आणि आईच्या गळ्यात पडली. "येडी हाईस तू! साफ येडी!" दोघी रडत होत्या, हसत होत्या, आणि मध्ये चेंगरलेली, तेलाने बुळबुळीत प्रज्ञा भोकाड पसरून बसली होती.

रविवारी बूथवर शालन सगळ्यांच्या पुढे. प्रज्ञाने तोंड वाकडं करून पहिला डोस थेट माझ्या इस्त्रीच्या शर्टावर उडवला! पुन्हा थेंब दिले. आईने बारशासारखे पेढे वाटले. आणि शालन घरी गेलीच नाही. कॉलनीत कुणी बाई नको म्हणाली, की ही दारात उभी: "आदी माजा पाय बघ, मंग न्हाय म्हन." दुपारपर्यंत तिच्यामागे कडेवर पोरं घेतलेल्या बायांची रांग होती.

पण चार वर्षांच्या पोरीला पाठीच्या आतलं दिसलं कसं? मॅडमना विचारलं. "योगायोग असेल, सर," त्या म्हणाल्या.

पुढे एकदा शालनलाच विचारलं. "खरं सांग, तुला नेमकं काय दिसलं होतं?" आम्ही अंगणात बसलो होतो, प्रज्ञा नुकतीच पळायला लागली होती.

"मला कुटं आटवतंय, दादा? आदी तिला धर, गटाराकडं चालली!"

मी धावलो. प्रज्ञा सापडली. उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही.